पतसंस्थेत ठेव अडकली आणि विषय सभागृहात गेला: सोलापूरच्या ठेवीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विडी घरकुलातल्या अक्कांपासून होटगी रोडच्या निवृत्त मास्तरांपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘‘संसदेत प्रश्न गेलाय म्हणतात, मग आमचे पैसे कधी मिळणार?’’ आमच्या आईनेही विड्या वळून रोजची पिग्मी भरली होती. पेठेतल्या त्या संस्थेला कुलूप लागलं तेव्हा आम्हीही असेच बातमीकडे डोळे लावून बसलो आणि त्या नादात तक्रार द्यायला दीड वर्ष उशीर केला. त्याची किंमत काय पडली ते खाली सहकार कायद्याच्या कलम ८८च्या उत्तरात लिहिलं आहे. ठेवीदारांसोबत सहकार खात्याचे जिने चढताना जे शिकलो, ते इथे मांडतो आहे. हा वकिलाचा सल्ला नाही. वकिलाकडे जाताना हातात काय असावं, एवढं यातून कळेल.

खासदारांनी संसदेत विषय मांडला. म्हणजे संसदीय चौकशी सुरू झाली का?

नाही. खासदार शून्य प्रहरात बोलतात, नियम ३७७ खाली विषय मांडतात, तारांकित किंवा अतारांकित प्रश्न विचारतात. त्यावर मंत्र्यांचं उत्तर येतं आणि ते छापलं जातं. चौकशी ही वेगळी गोष्ट आहे. सभागृहाने समिती नेमावी लागते, तिला विषय ठरवून द्यावा लागतो, मग ती कागद मागवते, माणसं बोलावते, साक्षी घेते आणि अहवाल ठेवते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘संसदेत दणका’ अशा चित्रफितींतल्या बहुतेक शून्य प्रहरातल्या दोन-तीन मिनिटांच्या भाषणांच्या असतात. ती भाषणं वाया जात नाहीत, पण त्यांना चौकशी म्हणता येत नाही.

आपल्या पतसंस्थेची चौकशी संसद करू शकते का?

हे तुमच्या संस्थेची नोंदणी कुठे झाली यावर ठरतं. सहकारी संस्था हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतला राज्य सूचीचा विषय आहे, नोंद ३२. घटनेच्या ९७व्या दुरुस्तीने केंद्राने या क्षेत्रासाठी नवा भाग जोडला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी तो भाग राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता रद्द ठरवला, कारण निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मान्यता घेतलेली नव्हती. म्हणून सोलापुरात नोंदलेली, सोलापुरातच चालणारी पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येते. तिच्यासाठी लढायचं सभागृह मुंबईचं, आणि हिवाळ्यात नागपूरचं.

एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणारी संस्था मात्र बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ खाली येते. तिचा निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी, दिल्लीत बसतो. तिच्याबद्दल लोकसभेत, राज्यसभेत विचारलेला प्रश्न अगदी योग्य पत्त्यावर पडतो. सोलापूर कर्नाटकाच्या सीमेवर असल्याने विजयपूर, कलबुर्गीकडे शाखा असलेल्या संस्था इथे नव्या नाहीत, त्यामुळे हा फरक आपल्याकडे जास्तच जपून पाहावा लागतो.

मग आपली संस्था कुठली, हे कसं ओळखायचं?

ठेवपावतीवर किंवा पासबुकावर नोंदणी क्रमांक असतो. नावात ‘मल्टीस्टेट’ असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर क्रमांक घेऊन जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात, ज्याला सगळे डीडीआर ऑफिस म्हणतात तिथे, किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे विचारा. हे काम आधी करा. दोन वर्षं चुकीच्या दारात अर्ज देत राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

संसदीय समिती नेमली गेली तर ती नक्की काय करते? पैसे परत देते का?

नेमकी इथेच सगळ्यांची गफलत होते. समिती मंत्रालयाच्या सचिवांना समोर बसवते, रिझर्व्ह बँकेला, निबंधकांना, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना प्रश्न विचारते, दप्तर मागवते. तिच्यापुढे शपथेवर साक्ष होऊ शकते. शेवटी ती अहवाल देते: चूक कुठे झाली, कोणी डोळेझाक केली, कायदा कुठे तोकडा पडला. पण समिती कुणाला तुरुंगात टाकत नाही, कुणाचं घर जप्त करत नाही, कुणाच्या खात्यावर रुपया जमा करत नाही. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारकही नसतात. त्यांवर काय केलं हे सरकारने सभागृहात सांगायचं असतं, एवढाच धाक.

आपल्या देशातला सहकाराशी जवळचा दाखला २००१चा आहे. त्या वर्षी शेअर बाजार कोसळला, शेअर दलाल केतन पारेखचं प्रकरण गाजलं आणि त्यात अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक बुडाली. संसदेने संयुक्त समिती नेमली, तिने डिसेंबर २००२ मध्ये अहवाल दिला. अहवालात सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँक आणि निबंधक असं दुहेरी नियंत्रण असल्याने कुणाचंच नीट लक्ष राहत नाही, हा मुद्दा ठळकपणे आला. अहवाल मोलाचाच होता. पण त्या बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला तो जून २०१२ मध्ये. एवढ्या वर्षांत ठेवीदारांच्या घरची लग्नं, आजारपणं, मुलांची शिक्षणं थांबली नसतील.

दुसरा दाखला नेपाळचा. तिथे बचत सहकारी संस्थांत सामान्यांचे पैसे अडकले आणि काही संस्थांतला पैसा एका माध्यम कंपनीकडे वळवल्याचा आरोप झाला. तेव्हाचे गृहमंत्री पूर्वी त्याच कंपनीत मोठ्या पदावर होते. त्यांनी आरोप नाकारले. विरोधकांनी संसद रोखून धरली, तेव्हा मे २०२४ मध्ये प्रतिनिधी सभेने सात जणांची विशेष चौकशी समिती नेमली. समितीने सप्टेंबरमध्ये अहवाल दिला. चार महिन्यांत अहवाल हातात येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि मला त्या समितीबद्दल मनापासून आदर वाटतो. त्यानंतर तिथे पोलिसांची कारवाई झाली, सहकारी संस्थांवर स्वतंत्र नियामक प्राधिकरण आणण्याचं पाऊलही पडलं. तरीही बचतकर्त्याच्या हातात पैसा पडायला वसुली लागते, आणि वसुलीची वाट अहवालानंतर सुरू होते. इथे सोलापुरातही तेच लागू आहे.

मग आमदार-खासदारांकडे जाऊच नये का?

जरूर जा. फक्त काय मागायचं ते ठरवून जा. ‘‘साहेब, आमच्या संस्थेचं बघा’’ असं म्हटलं की फोन होतो, बातमी येते, विषय विरतो.

विधिमंडळात लक्षवेधी सूचना किंवा तारांकित प्रश्न लागला आणि मंत्री उभे राहून म्हणाले, ‘तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू’, तर ते वाक्य हवेत जात नाही. विधिमंडळाची आश्वासन समिती असते. सभागृहात मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं वेचून ती पुरी झाली का याचा पाठपुरावा ही समिती करते. म्हणून आमदारांकडे मागायचं ते असं: मंत्र्यांकडून तारखेसह नेमकं आश्वासन घ्या. नंतर त्या दिवसाच्या कामकाजातला तो उतारा मिळवा आणि प्रत्येक अर्जाला जोडा. सहकार खात्यातल्या टेबलावर या एका कागदाचं वजन दहा निवेदनांपेक्षा जास्त असतं.

विनंती अर्ज समिती हीदेखील वाट आहे. नागरिकांचा अर्ज आमदारांमार्फत सभागृहात सादर होतो आणि समिती संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावते. संस्था बहुराज्य असेल तर लोकसभेच्या याचिका समितीकडे अर्ज जातो. तो मराठीत लिहिला तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडावं लागतं. सोलापूर जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेला आहे: सोलापूर, माढा आणि उस्मानाबाद (धाराशिव). करमाळा, माढा, सांगोला, माळशिरसचे ठेवीदार माढ्याच्या खासदारांकडे जातात, बार्शीचे उस्मानाबादच्या. एकाच संस्थेच्या ठेवीदारांनी सगळीकडे एकच मजकूर द्यावा. वेगवेगळे आकडे गेले की मंत्रालयाला उत्तर टाळायला निमित्त मिळतं.

सोलापूरच्या लक्ष्मी बँकेच्या ठेवीदारांना पाच लाखांपर्यंत मिळाले. आम्हाला का नाही?

कारण ती बँक होती, तुमची पतसंस्था आहे. हे वाक्य मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांचे चेहरे पडतात, आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले, खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. २२ सप्टेंबर २०२२ला परवाना रद्द झाला. पण बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, ४ फेब्रुवारी २०२०पासून ते एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे. त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्याच सांगण्यानुसार तिथल्या सुमारे ९९ टक्के ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्यात बसत होती, आणि परवाना रद्द होण्याआधीच महामंडळाने १९३ कोटींहून जास्त रक्कम चुकती केली होती.

पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो, म्हणून हा विमाही नसतो. ‘आमच्याकडे ठेवी विमा संरक्षित’ असा फलक पतसंस्थेत दिसला तर तो कशाचा विमा आहे ते लेखी विचारा. बऱ्याचदा तो रोकड, इमारत किंवा चोरी-दरोड्याचा विमा असतो, तुमच्या ठेवीचा नव्हे. आणि पतसंस्थेला नावात ‘बँक’ लावायची मुभा नाही, हेही लक्षात असू द्या.

‘८३ची चौकशी’, ‘८८ची चौकशी’ म्हणजे काय?

तुमचा पैसा परत यायची खरी वाट इथून जाते, म्हणून हे सविस्तर वाचा.

महाराष्ट्राच्या कायद्यातलं कलम ८१ लेखापरीक्षणाचं. लेखापरीक्षकाला गैरव्यवहार दिसला तर त्याने विशेष अहवाल द्यायचा असतो. कलम ८३ खाली निबंधक संस्थेची रचना, कामकाज आणि आर्थिक स्थिती यांची चौकशी लावतात: स्वतःहून, लेखापरीक्षकाच्या विशेष अहवालावरून किंवा एक पंचमांश सभासदांच्या अर्जावरून. हा ‘एक पंचमांश’ ऐकून लोक निराश होतात, कारण पाच हजार सभासदांत हजार सह्या कुठून आणायच्या? त्यातून पुष्कळ ठेवीदार नाममात्र सभासद असतात. दहा-वीस रुपये घेऊन संस्थेने त्यांना तसं करून घेतलेलं असतं, त्यांना मतदानाचा हक्क नसतो. पण निबंधक स्वतःहूनही चौकशी लावू शकतात हे विसरू नका. ठेवीदारांचे मुद्देसूद अर्ज, सोबत पावत्यांच्या प्रती आणि कुठल्या कर्जात काय खोट आहे याची माहिती, असं साहित्य त्यांच्यापुढे ठेवलं की ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही.

८३मधून काय चुकलं ते कळतं. कुणी किती भरायचं ते ८८ ठरवतं. या कलमाखाली प्राधिकृत अधिकारी नेमला जातो, तो संचालक, व्यवस्थापक, कर्मचारी यांच्यावर दोषारोप ठेवतो, म्हणणं ऐकून घेतो आणि प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहितो: विनातारण कर्ज मंजूर करणाऱ्या बैठकीत कोण हजर होतं, खोट्या सोनेतारणावर कुणाची सही आहे, नातेवाइकांच्या नावावर किती पैसा गेला. दोषी माणूस वारला असेल तर त्याची मालमत्ता ज्या वारसाला मिळाली त्यालाही नोटीस निघते. ही रक्कम मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते.

आता आमच्या दीड वर्षाचा हिशोब. कलम ८८ मागे पाहतं ते पाच वर्षांपर्यंतच. लेखापरीक्षण सुरू झाल्याच्या किंवा चौकशीचा आदेश निघाल्याच्या तारखेपासून मागची पाच वर्षं मोजतात. आमच्या संस्थेतली सगळ्यात मोठी बोगस कर्जं सुरुवातीच्या काळातली होती. आम्ही ‘वरून काहीतरी होईल’ म्हणून थांबलो, आदेश उशिरा निघाला आणि त्यातली काही प्रकरणं पाच वर्षांच्या पलीकडे गेली. दिल्लीत किंवा नागपुरात काय चाललंय ते चालू द्या. तुमचा लेखी अर्ज आज डीडीआर ऑफिसच्या आवक शिक्क्यानिशी पडला पाहिजे.

८८ची चौकशी दोन वर्षांत संपवायची असते, मुदतवाढ मिळते, आदेशावर अपील होतं, स्थगिती येते. अपिलाच्या तारखांनाही ठेवीदारांपैकी कुणीतरी हजर राहावं. समोरच्या बाजूचे वकील एकही तारीख चुकवत नाहीत.

बहुराज्य संस्थेलाही हीच कलमं लागतात का?

नाही, आणि आकड्यांचा घोळ इथे फार होतो. बहुराज्य कायद्यात चौकशी कलम ७८ खाली होते, आणि त्या कायद्यातलं कलम ८३ हे आपल्या ८८सारखं, म्हणजे नुकसान वसुलीचं आहे. अर्जात ‘८३ची चौकशी करा’ असं लिहून दिल्लीला पाठवलं की अर्थाचा अनर्थ होतो.

या कायद्यात २०२३ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. ते विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं होतं, समितीने मार्च २०२३ मध्ये अहवाल दिला आणि ऑगस्टमध्ये कायदा लागू झाला. त्यातून सहकारी लोकपाल आला. ठेवीबद्दलची तक्रार सभासद लोकपालाकडे करू शकतो आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. संसदेच्या समितीने ठेवीदाराच्या हातात एखादी वस्तू ठेवल्याचं पाहायचं असेल तर हे उदाहरण आहे. सोलापुरातल्या फार थोड्या ठेवीदारांना याची माहिती आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

संचालकांची घरं, गाड्या, प्लॉट जप्त होतात का?

होतात. त्यासाठी एमपीआयडी कायदा आहे: वित्तीय संस्थांमधील ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा महाराष्ट्राचा १९९९चा कायदा. ठेव परत देण्यात लबाडीने कसूर केली तर सहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय सरकार अधिसूचना काढून संस्थेची आणि संबंधितांची मालमत्ता गोठवू शकतं, सक्षम प्राधिकारी म्हणून महसूल अधिकारी नेमला जातो आणि विशेष न्यायालयाच्या हुकमाने मालमत्ता विकून ठेवीदारांत पैसे वाटले जातात.

तक्रार पोलिसांत द्यायची. सोलापूर शहरातली संस्था असेल तर पोलीस आयुक्तालयाकडे, तालुक्यातली असेल तर ग्रामीण पोलिसांकडे; रक्कम मोठी असली की तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे जातो. गुन्हा नोंदवताना एमपीआयडीचं कलम लागलं आहे का ते एफआयआरच्या प्रतीत स्वतः वाचा. नुसती फसवणूक आणि विश्वासघाताची कलमं लावली तर आरोपीला शिक्षा होईलही, पण मालमत्तेवर टाच आणण्याची ही वाट उघडत नाही. आणि गुन्हा एकाच्या तक्रारीवर नोंदला गेला तरी बाकीच्यांनी तपास अधिकाऱ्याकडे जाऊन आपला जबाब आणि पावतीची प्रत द्यायलाच हवी. यादीत नाव नसेल तर वाटपाच्या वेळी धावाधाव होते.

प्रशासक आले, आता ‘अवसायक’ येणार म्हणतात. वाईट झालं का?

प्रशासक संस्था चालवायला येतो. अवसायक संस्था गुंडाळायला, म्हणजे येणी वसूल करून देणी भागवायला. नाव ऐकून घाबरू नका, पण त्याच्याकडे आपला दावा लेखी नोंदवा.

तोवर मी माझ्या कर्जाचे हप्ते थांबवू का? माझी ठेवही त्याच संस्थेत अडकली आहे.

थांबवू नका. राग समजतो. यंत्रमागासाठी कर्ज घेतलं, मुलीच्या लग्नासाठीची ठेवही तिथेच होती. ठेव मिळत नाही आणि हप्त्याची नोटीस मात्र येते. पण संस्थेकडे येणारा पैसा म्हणजे कर्जवसुलीच. ती थांबली तर तुमच्या शेजारच्या विधवा बाईची पाच हजारांची पिग्मीही कधी मिळणार नाही. शिवाय कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की व्याज, खर्च, जप्ती हे सगळं तुमच्याच अंगावर येतं, आणि जामीनदार म्हणून ज्या भावाने सही केली त्याच्याही. स्वतःच्या नावची ठेव स्वतःच्या कर्जात वळती करून मागण्याचा अर्ज मात्र जरूर द्या, तो वेगळा विषय आहे.

एक जण म्हणतो, पावती मला दे, चाळीस टक्के रोख देतो. देऊ का?

देऊ नका. निदान त्याला ती पावती कशाला हवी आहे हे कळल्याशिवाय तर नाहीच.

यामागचं गणित असं. मोठ्या थकबाकीदाराला संस्थेचे एक कोटी द्यायचे असतात. तो गरजू ठेवीदारांच्या एक कोटीच्या पावत्या चाळीस लाखांत गोळा करतो आणि त्या आपल्या कर्जात जमा दाखवून मोकळा होतो. साठ लाख त्याच्या खिशात राहतात, संस्थेला रोख एक रुपया मिळत नाही आणि उरलेल्या ठेवीदारांचा वाटा आटतो. जळगावच्या बीएचआर या बहुराज्य पतसंस्थेत अशाच व्यवहारांचे आरोप झाले, आणि २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात जाऊन छापे घातले. तिथे तर अवसायकाच्याच कारभारावर बोट ठेवलं गेलं होतं. घरात दवाखान्याचा खर्च उभा असताना चाळीस टक्केही मोठे वाटतात, हे मी पाहिलं आहे आणि पावती देणाऱ्याला मी दोष देत नाही. पण आधी प्रशासकाकडे किंवा अवसायकाकडे आजारपणाच्या कारणाने आगाऊ रक्कम मागण्याचा अर्ज करा. वैद्यकीय कारणासाठी काही रक्कम आधी द्यावी असा निर्णय कित्येक ठिकाणी होतो.

पिग्मी एजंटाला पकडावं का? पैसे तर त्यानेच नेले.

बहुतेक एजंट आपल्याच गल्लीतले असतात, त्यांनी स्वतःची ठेव आणि बायकोचे दागिनेही तिथेच ठेवलेले असतात. त्याने तुमच्या पुस्तकावर नोंद केली आणि संस्थेत भरणा केला असेल तर तो गुन्हेगार नाही, साक्षीदार आहे. त्याच्या वहीतल्या नोंदी आणि संस्थेच्या संगणकातल्या नोंदी जुळत नसतील तर त्या दोन्हींच्या प्रती चौकशी अधिकाऱ्याला द्या. अशोक चौकात भर रस्त्यात एजंटाला अडवून मारहाण करण्याने एक चांगला साक्षीदार गमावला जातो.

माहितीच्या अधिकारात संस्थेचे कागद मिळतात का?

थेट संस्थेकडून सहसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये केरळच्या थलप्पलम प्रकरणात म्हटलं की सहकारी संस्था आपोआप ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही. पण त्याच निकालात हेही आहे की निबंधक सार्वजनिक प्राधिकरण आहेत, आणि कायद्याने त्यांना जी माहिती मिळवता येते ती त्यांच्याकडून मागता येते. म्हणून लेखापरीक्षण अहवाल, दोषदुरुस्ती अहवाल, चौकशीचे आदेश हे सगळं डीडीआर कार्यालयाकडे मागा. तुम्ही सभासद असाल तर कलम ३२ खाली काही कागद संस्थेतही पाहता येतात.

ग्राहक आयोगात गेलं तर?

जाता येतं. सहकार कायद्यात वेगळी व्यवस्था असली तरी ग्राहकाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने थिरुमुरुगन सहकारी संस्थेच्या प्रकरणात सांगितलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणून पावतीची तारीख उलटल्यावर लेखी मागणी करून ठेवा. एकट्याची लहान रक्कम असेल तर हा मार्ग सोपा पडतो. संस्थेच्या तिजोरीतच काही नसेल तर मात्र निकाल हातात आणि पैसा नाही, असं होऊ शकतं.

सहाराचे पैसे परत मिळतायत म्हणतात. तसं आमचं होईल का?

सहाराचं प्रकरण चार बहुराज्य संस्थांचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२३च्या आदेशाने शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीकडच्या सहारा खात्यातले ५,००० कोटी केंद्रीय निबंधकांकडे वळवले गेले आणि १८ जुलै २०२३ला परताव्याचं पोर्टल सुरू झालं. आधी दहा हजारांपर्यंत, नंतर पन्नास हजारांपर्यंत मर्यादा ठरली. तिथे आधीपासून जमा असलेला पैसा होता म्हणून वाटता आला. तुमच्या संस्थेसाठी असा साठा जप्ती आणि वसुलीतूनच तयार होतो. सहारात पैसे असलेल्यांनी फक्त सरकारी पोर्टलवरच अर्ज भरावा. चाटी गल्लीत किंवा तालुक्याच्या बाजारात ‘फॉर्म भरून देतो, पाचशे द्या’ म्हणणाऱ्यांना आधार आणि ओटीपी देऊ नका.

कोणते कागद जपायचे?

मूळ ठेवपावती. तिच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, आणि मोबाइलमध्ये फोटो. पासबुक, पिग्मी पुस्तक, शेअर्सचा दाखला किंवा नाममात्र सभासदाची पावती, व्याज मिळालं असेल तर बँकेतली नोंद. संस्थेशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये. आवक शिक्का नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती टाचून ठेवा.

मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी ठेवीदार संघटनेच्या माणसाच्याही नाही. नूतनीकरणासाठी संस्थेने मूळ पावती ठेवून घेतली असेल तर ती कुणी, कधी घेतली याचं लेखी पत्र आजच द्या.

पावती आईच्या नावावर आहे, आई आता नाही. काय करायचं?

आमच्या घरी हेच झालं. पावतीवर नामनिर्देशन म्हणून माझं नाव होतं, म्हणून काम तुलनेने सोपं गेलं: मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, अर्ज. नाव नसेल तर वारस दाखला किंवा रकमेप्रमाणे न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागतात, त्यात महिने जातात. नामनिर्देशन असलं तरी पैसा सगळ्या कायदेशीर वारसांचा असतो, म्हणून बहिणींची संमती आधीच लेखी घ्या.

आणि दावा दाखल करताना आईच्या नावापुढे ‘मयत’ असं स्पष्ट लिहून वारसांची नावं जोडा. आम्ही तसं लिहिलं नव्हतं. प्रशासकांच्या यादीत आईचं नाव जिवंत ठेवीदारांत राहिलं, तिच्या सहीच्या नमुन्याशी सही जुळत नाही म्हणून पहिला हप्ता परत गेला, आणि तो पुन्हा मागवायला सात महिने लागले.